पाचव्या महिन्याची तपासणी

गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या चळवळीत ज्यांनी आपली उमेदीची वर्षे घालविली, त्यांच्या मनात सोनोग्राफीच्या यंत्राविषयी अढी बसली आहे, आणि ती बसण्यास सबळ कारणे आहेत. शून्य ते सहा या वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ उरल्या, आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. बीड जिल्ह्यात हा आकडा ८०७ पर्यंत खाली आला. या घसरणीमागे जी अनेक कारणे आहेत त्यांच्या हाती सापडलेले हत्यार म्हणजे हे यंत्र होय. तेव्हा सोनोग्राफी हा शब्द उच्चारताच आपला कार्यकर्ता सावध होतो यात नवल नाही. परंतु या सावधपणाच्या पोटी एका दुसऱ्या प्रश्नाकडे आपले वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले आहे. गर्भातील व्यंगे वेळेवर ओळखण्याचे सामर्थ्य याच यंत्रात आहे. ते सामर्थ्य कोणाच्या वाट्याला येते, कोणाच्या येत नाही, आणि त्यातून मिळणाऱ्या ज्ञानाचे पुढे काय होते, हा तो प्रश्न.

या यंत्राचा जन्म कसा झाला हे आपल्या वाचकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. बाष्पपात्रांच्या आणि जहाजांच्या पोलादी पत्र्यांत डोळ्यांना न दिसणारी भेग आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी कारखान्यांत श्राव्यातीत ध्वनिलहरींचा उपयोग होत असे. ग्लासगो विद्यापीठातील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून जवळच्याच एका बॉयलर कारखान्यात नेल्या आणि तेथील यंत्रावर ठेवून पाहिल्या. टॉम ब्राउन या तरुण अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी पुढे जे उपकरण सिद्ध केले त्याची माहिती १९५८ साली ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाली. लंडनमध्ये स्टुअर्ट कॅम्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली सतराव्या आठवड्यात मेंदूची व कवटीची वाढच न झालेला गर्भ या तंत्राने ओळखला. कामगाराच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पोलादाची परीक्षा करणारी विद्या अशा रीतीने स्त्रीच्या सेवेला आली. तिच्या मुळाशी पाप नव्हते. ती कोणत्या समाजात आली आणि कोणाच्या मालकीची झाली, यावर तिचे पुढचे चरित्र ठरले.

आपल्या देशात ते चरित्र कसे घडले हे सर्वविदित आहे. गर्भजल परीक्षा १९७० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत सुरू झाली ती आनुवंशिक रोगांच्या निदानासाठी. तिचा उपयोग मुलगी ओळखण्यासाठी होऊ लागल्यावर सरकारी संस्थांत त्यावर बंदी आली. खाजगी दवाखाने मात्र मोकळे राहिले. सार्वजनिक संस्थेला लगाम आणि बाजाराला मोकळे रान, ही आपल्या आरोग्यव्यवस्थेची जुनीच रीत आहे. त्या बाजाराविरुद्ध महाराष्ट्रातील स्त्रीसंघटनांनी व आरोग्य कार्यकर्त्यांनी लढा दिला, विधानसभेत मृणाल गोरे यांनी तो प्रश्न लावून धरला, आणि १९८८ साली देशातील पहिला कायदा या राज्यात झाला. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत झाला व १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. कायदा कागदावरच राहिला म्हणून ‘सेहत’ व ‘मासूम’ या महाराष्ट्रातील संस्थांना आणि डॉ. साबू जॉर्ज यांना २००० साली सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. तेव्हा न्यायालयाने यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांना विचारले की मागील पाच वर्षांत तुम्ही ही यंत्रे कोणाकोणास विकली. कोणत्या गावात किती यंत्रे आहेत हे सरकारला ठाऊक नव्हते. विक्रेत्यांना ठाऊक होते.

या लढ्याबद्दल आम्हांला अभिमान आहे आणि त्यातील एकही कलम सैल करण्यास आमची संमती नाही. २०१६ साली सोनोग्राफीतज्ज्ञांनी देशव्यापी संप करून ‘एफ’ फॉर्ममधील चुका म्हणजे निव्वळ कारकुनी दोष होत असा पवित्रा घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये तो अमान्य केला, हे योग्यच झाले. कारण गुन्ह्याचा पुरावा राहतो तो त्या कागदावरच. तथापि हाच कायदा आणखी एक गोष्ट सांगतो, जी आपण फारशी वाचलेली नाही. गर्भातील जन्मजात व्यंगे, गुणसूत्रांचे दोष, रक्ताचे आनुवंशिक विकार यांच्या निदानासाठी या तंत्रांचा वापर करण्यास त्यात स्पष्ट मुभा आहे. कायदा यंत्राच्या विरुद्ध नाही. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर आहे. त्या भिंतीच्या आत काय केले जाते आणि काय केले गेले पाहिजे, याची पाटी कोठेच नाही.

ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. गर्भधारणेच्या साधारणतः अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान गर्भाचे अवयव पुरेसे स्पष्ट दिसू लागतात. त्या वेळी अनुभवी डॉक्टरने सावकाश, अवयवामागून अवयव असा गर्भ तपासला तर कवटी, मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, पोटाची भिंत, मूत्रपिंडे, हातपाय यांतील मोठे दोष बहुधा ध्यानात येतात. शहरी मध्यमवर्गात ही तपासणी ‘ॲनॉमली स्कॅन’ या नावाने ओळखली जाते, आणि पाचव्या महिन्यात ती करून घेणे हा तेथे शिरस्ताच झाला आहे. जन्मणाऱ्या शंभर मुलांपैकी दोन ते तीन मुलांत काही ना काही गंभीर जन्मजात दोष असतो असे सर्वसाधारण मानले जाते. महाराष्ट्रातील वार्षिक जन्म अठरा लाखांच्या आसपास धरले तर चाळीस हजार कुटुंबांचा हा प्रश्न आहे. तो एखाद्या दुर्मीळ दुर्दैवाचा विषय नव्हे.

आणि ही तपासणी म्हणजे गर्भपाताची पूर्वतयारी, असा जो समज आहे तोही अपुरा आहे. हृदयाचे काही दोष असे असतात की मूल जन्मल्यावर काही तासांत वा दिवसांत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचले तर वाचते, न पोचले तर दगावते. आणि ते कशाने गेले हेही आईबापांना कळत नाही. आधी कळले तर बाळंतपण तालुक्याच्या गावी न होता मोठ्या रुग्णालयात होईल. पोटाची भिंत उघडी राहिलेली असणे, मूत्रमार्गात अडथळा असणे, पाठीचा मणका दुभंगलेला असणे, या सर्वांत जन्माची जागा आणि वेळ ठरविता येणे म्हणजेच निम्मा उपचार. दुभंगलेला ओठ किंवा वळलेले पाऊल दिसले तर आईला सांगता येते की हे दुरुस्त होते, भिऊ नकोस. वेळेवर दिलेला हा एक धीर पुढच्या चार महिन्यांचा तिचा घोर वाचवितो.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, कारण यंत्राचे भाट त्या सांगत नाहीत. अमेरिकेत सुमारे पंधरा हजार गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सरसकट सोनोग्राफी करूनही सव्यंग गर्भांपैकी जेमतेम तृतीयांशच जन्माआधी ओळखले गेले. युरोपातील मोठ्या रुग्णालयांत पुढे हेच प्रमाण सुमारे ६१ टक्के आढळले. डोळा आणि हात तयार नसेल तर यंत्र आंधळे असते. मतिमंदत्व, बहिरेपणा, अनेक चयापचयाचे विकार पडद्यावर दिसतच नाहीत. डाऊन सिंड्रोमची शंका यावी लागते ती अकराव्या ते तेराव्या आठवड्यातील मानेमागची जाडी आणि रक्ताची तपासणी यांवरून, आणि खात्री होते ती गर्भजल परीक्षेनेच. उलट बाजूस काही क्षुल्लक खुणा, हृदयातला एखादा पांढरा ठिपका किंवा मेंदूतली लहानशी पाण्याची गाठ, ज्या बहुधा आपोआप नाहीशा होतात, त्यांचा बाऊ करून आईला तपासणीमागून तपासणीला जुंपण्याचा धंदाही चालतो. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला नको इतकी सोनोग्राफी, बाळाच्या चेहऱ्याच्या रंगीत चित्रांसह; ज्याच्याजवळ नाही त्याला एकही नीट नाही. भांडवली आरोग्यसेवेचे वर्णन याहून वेगळ्या शब्दांत करावयाचे कारण आम्हांला दिसत नाही.

गरिबाच्या वाट्याला काय येते ते पाहावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ साली सरकारी संस्थांत गरोदर स्त्रीला सोनोग्राफीसह सर्व तपासण्या मोफत मिळतील असे वचन दिले. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला विशेष तपासणीचा दिवसही ठरला. कागद उत्तम आहेत. परंतु ग्रामीण रुग्णालयात यंत्र असले तर चालविणारा नसतो. चालविणारा ठराविक वारी आला तर त्या दिवशीची रांग इतकी लांब की प्रत्येकीच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. त्यात गर्भ जिवंत आहे, पाणी पुरेसे आहे, वार वर आहे एवढे पाहून होते. कागदावर ‘सोनोग्राफी झाली’ अशी खूण पडते. अवयवामागून अवयव पाहावयाची तपासणी ती ही नव्हे, हे त्या बाईला कोणी सांगत नाही. कित्येकदा ही पहिली सोनोग्राफी सातव्या महिन्यात होते. तेव्हा व्यंग दिसलेच तर ते कळण्याचा उपयोग शोक दोन-तीन महिने आधी सुरू होण्यापलीकडे फारसा उरत नाही.

बीडच्या ऊसतोड मजूर स्त्रीचे उदाहरण घ्या. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या हलतात त्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे, आणि परततात त्या उन्हाळ्याच्या तोंडावर. उन्हाळ्याच्या अखेरीस दिवस गेलेल्या स्त्रीचे अठरा ते वीस आठवडे नेमके फडात येतात. तिचे गरोदरपणाचे कार्ड गावच्या उपकेंद्रात, तिची आशाताई गावी, आणि ती स्वतः कारखान्याच्या परिसरातील कोपीत. नवराबायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. तपासणीसाठी तालुक्याला जायचे तर एका दिवसाचा खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो. अशा बाईने ‘वेळेवर’ तपासणी का केली नाही, असा प्रश्न नंतर डॉक्टरही विचारतो आणि न्यायालयही. याच स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले आणि सरकारला समिती नेमावी लागली, हे वाचक विसरले नसतील. जिची गर्भपिशवी काढून टाकण्यास खाजगी दवाखाना तत्पर असतो, तिच्या गर्भावर पाचव्या महिन्यात अर्धा तास खर्च करण्यास कोणी नसतो.

आता कायद्याकडे वळू. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला व १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. त्याचा पाया घालणाऱ्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचेच तत्कालीन मंत्री शांतिलाल शहा होते. तो कायदा पुरोगामी होता यात शंका नाही, पण त्याची घडण ध्यानात घेतली पाहिजे: त्याने स्त्रीला हक्क दिला नाही, डॉक्टरला शिक्षेपासून सूट दिली. आणि त्याने मर्यादा घातली ती वीस आठवड्यांची. त्या काळी गर्भ पाहण्याचे साधनच दवाखान्यांत नव्हते, त्यामुळे या मर्यादेने कोणाचे अडले नाही. पुढे साधन आले; पण व्यंग दिसण्याची वेळ आणि कायद्याचे दार बंद होण्याची वेळ एकच ठरली. अठराव्या आठवड्यात शंका, खात्रीसाठी दुसऱ्या शहरात तपासणी, तिचा निष्कर्ष येईतो एकविसावा आठवडा. २००८ साली मुंबईच्या एका दांपत्याने, चोविसाव्या आठवड्यात गर्भाच्या हृदयात गंभीर दोष आढळल्यावर, उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने परवानगी नाकारली. काही दिवसांतच तो गर्भ आपोआप गेला. या प्रकरणाने देशभर चर्चा झाली. कायदा बदलण्यास मात्र आणखी तेरा वर्षे लागली. मधल्या काळात ज्यांना वकील गाठता आला अशा स्त्रिया एकेक करून न्यायालयांपुढे उभ्या राहिल्या. कोणाला मुभा मिळाली, कोणाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये चोविसाव्या आठवड्यात गर्भाच्या कवटीची वाढच न झालेल्या प्रकरणात परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये महाराष्ट्रातीलच एका स्त्रीला, गर्भाला डाऊन सिंड्रोम असताना, सव्विसाव्या आठवड्यात ती नाकारली. ज्यांना वकील गाठता आला नाही त्यांची गणतीच नाही.

सप्टेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने काही विशिष्ट परिस्थितींत ही मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत नेली, आणि गर्भात ‘लक्षणीय’ व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास वरची मर्यादाच काढून टाकली. मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे, पाच दिवसांत प्रक्रिया व्हावी, असे नियम सांगतात. हे पाऊल पुढचे आहे. तरी निर्णय स्त्रीच्या हातून मंडळाच्या हाती गेला हे विसरता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंडळाचा नकार बाजूस सारून, गर्भारपण तेहतिसाव्या आठवड्याजवळ पोचलेल्या एका विवाहितेला परवानगी दिली आणि निवड करण्याचा अधिकार त्या स्त्रीचा आहे, मंडळाचा नव्हे, असे स्पष्ट केले. या निकालाचे आम्ही स्वागत करतो. पण तेहतिसाव्या आठवड्यापर्यंत ती बाई त्या दारात का उभी होती? तिचा गर्भ पाचव्या महिन्यात नीट पाहिला गेला असता आणि व्यंग तेव्हाच दिसण्याजोगे असते, तर मंडळही लागले नसते आणि न्यायालयही. उशिराच्या गर्भपातावर रकाने भरून लिहिणाऱ्यांनी उशिराच्या तपासणीवर चार ओळी लिहाव्यात.

येथवर आमच्याशी सहमत होणारे साथी पुढच्या मुद्द्यावर थबकतील, आणि थबकलेच पाहिजे. मुलगी म्हणून गर्भ पाडणे हा आम्ही गुन्हा मानतो. मग अपंग म्हणून गर्भ पाडण्यास मुभा कशी देता, असा सरळ प्रश्न अपंगांच्या चळवळीतील कार्यकर्ते विचारतात. याला ‘ती गोष्ट वेगळी’ असे तुटक उत्तर देऊन चालणार नाही. आम्ही म्हणतो की स्त्रीजन्म हे दुःख नव्हे, दुःख आहे ते हुंड्यात, वारसाहक्काच्या नकारात, समाजाच्या वागणुकीत. ते उत्तर देतात: आमच्याही दुःखाचा मोठा भाग शरीरात नाही, तो पायऱ्यांवर आहे, शाळेच्या दारात आहे, नोकरीच्या अर्जात आहे. हा युक्तिवाद खोडून काढता येत नाही, कारण तो बव्हंशी खरा आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले, शिक्षणात पाच आणि सरकारी नोकरीत चार टक्के राखीव जागा ठेवल्या; त्या जागांपैकी किती भरल्या जातात हे कोणत्याही जिल्हा परिषदेत जाऊन विचारावे.

तरी आमच्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतील. ज्या गर्भाला कवटीच नाही तो जन्मानंतर काही तास किंवा फार तर काही दिवस जगतो. त्याला जन्म देण्याची सक्ती करणे म्हणजे एका स्त्रीला निष्फळ यातना भोगावयास लावणे होय, आणि त्यात कोणाही अपंग माणसाचा सन्मान नाही. डाऊन सिंड्रोमची गोष्ट तशी नाही. असे मूल आज पन्नास-साठ वर्षे जगते, शिकते, काम करते, हसते-रुसते. त्याविषयी निर्णय कोणी घ्यावा? सरकारने नव्हे. आणीबाणीत, १९७६ साली, याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने आनुवंशिक रोग्यांची सक्तीने नसबंदी झाली आणि पुढे काही वर्षांतच अपंगांची थेट हत्या. प्रजा ‘सुधारण्या’ची भाषा शासनाच्या तोंडी आली की तिचा शेवट कोठे होतो हे आपल्याला ठाऊक आहे. सव्यंग मूल म्हणजे राष्ट्रावर भार, असा सूर काही आरोग्य अधिकाऱ्यांच्या भाषणांतून अधूनमधून ऐकू येतो. त्याला तेथल्या तेथे हरकत घेतली पाहिजे. पाचव्या महिन्याच्या तपासणीची मागणी आम्ही करतो ती राष्ट्राचा खर्च वाचावा म्हणून नाही.

निर्णय त्या स्त्रीचाच असला पाहिजे. परंतु निर्णय स्वतंत्र केव्हा म्हणावयाचा? एका बाजूस गर्भपाताची सोय आणि दुसऱ्या बाजूस काहीच नाही, तर तो निर्णय नव्हे. पाठीचा मणका दुभंगलेल्या मुलाची शस्त्रक्रिया कोठे होते, फुकट होते काय, नंतर त्याला चाकाची खुर्ची व शाळा मिळेल काय, हे सांगणारा माणूस तिला तपासणीच्या खोलीबाहेर भेटला पाहिजे. आणि तो डॉक्टरच असण्याचे कारण नाही. असे मूल वाढविलेल्या आईइतके या विषयावर अधिकाराने कोण बोलणार? आजच्या वैद्यकीय मंडळात स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, सोनोग्राफीतज्ज्ञ असतात. शासनाला आणखी सदस्य नेमण्याची मुभा आहे. अपंग व्यक्ती किंवा अपंग मुलाचे पालक त्यात नेमण्यास कायद्याची आडकाठी नाही. तेथे बसून त्यांनी परवानगी अडवावी असे आम्ही म्हणत नाही, माहिती द्यावी. जन्मलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरात झाला. जन्मजात दोष शोधून जिल्ह्याच्या केंद्रात उपचार करण्याची ती योजना आहे. गर्भारपणातील तपासणीची आणि या योजनेची सांगड घातली गेली तर आईला पाचव्या महिन्यातच कळेल की मूल जन्मल्यावर त्याची वाट कोणी पाहत आहे.

तपासणीविषयी इतके लिहूनही तिच्याआधीची एक गोष्ट राहते, आणि तिच्याविषयी आम्हांला अधिक तळमळ वाटते. कित्येक व्यंगे मुळात होऊच नयेत अशी सोय विज्ञानाने करून ठेविली आहे. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत मिटते. बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याचे तोवर कळलेलेही नसते. त्या सुमारास शरीरात फोलिक ॲसिड पुरेसे असेल तर मेंदू व मणक्याची व्यंगे पुष्कळच टळतात. ज्यांना पूर्वी असे मूल झाले होते त्या स्त्रियांत हा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी कमी झाल्याचे ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ साली सिद्ध केले. एका गोळीची किंमत काही पैसे. आपल्याकडे लोह व फोलिक ॲसिडच्या गोळ्या बहुधा बाईचे नाव नोंदले गेल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हाती पडतात, जेव्हा ती नळी मिटून वा न मिटून महिने लोटलेले असतात. तीच कथा रुबेलाची. गरोदरपणी झालेल्या या साध्या पुरळाने मूल आंधळे, बहिरे, हृदयदोषाचे जन्मते हे १९४१ सालीच ऑस्ट्रेलियातील ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने दाखविले होते. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम झाली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. कोट्यवधींचे यंत्र घेताना मंत्र्यांचे छायाचित्र निघते, गोळीचे निघत नाही. एवढे एक कारण सोडले तर या विलंबाचा दुसरा उलगडा आम्हांला होत नाही.

आमची मागणी काही अद्भुत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत अठरा ते वीस आठवड्यांतील ही तपासणी प्रत्येक गरोदर स्त्रीला विनामूल्य देऊ केली जाते, आणि ती करणारे बहुतांशी डॉक्टर नसून प्रशिक्षित तंत्रज्ञ असतात. आपल्या कायद्याने हे यंत्र डॉक्टरच्याच हाती ठेवले आहे, आणि गर्भलिंगनिदानाचा इतिहास पाहता ते तसेच राहावे. पण सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या एमबीबीएस डॉक्टरला सोनोग्राफी करण्याची मुभा २०१४ च्या नियमांनी दिली आहे. ग्रामीण रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना सरकारने स्वखर्चाने असे प्रशिक्षण द्यावे, शंका आलेल्या गर्भाची दुसरी तपासणी जिल्हा रुग्णालयात आठवड्याच्या आत व्हावी, ऊसतोडीच्या पट्ट्यात हंगामात फिरते पथक जावे आणि त्या दिवसाचा खाडा मजुराच्या माथी न बसता कारखान्याने सोसावा. खाजगी केंद्रांना पैसे देऊन तपासण्या विकत घेण्याचा जो सोपा मार्ग शासन सुचविते, तो तात्पुरता म्हणून आम्ही समजू शकतो; कायमचा म्हणून नाही. ज्या केंद्रांवर सरकारची देखरेख असावयाची, त्यांचेच सरकार गिऱ्हाईक झाले तर ‘एफ’ फॉर्म कोण तपासणार?

आणि या सर्वांचा भार पुन्हा आशांच्या डोक्यावर पडेल, हेही आधीच सांगून ठेवतो. २०२४ च्या आरंभी मानधनासाठी त्या आठवडेच्या आठवडे संपावर होत्या. पाचव्या महिन्याची तारीख लक्षात ठेवणे, बाईला गाडीत बसविणे, व्यंग निघाले तर तिच्या सासूची समजूत घालणे, हे काम त्यांच्याकडून करवून घ्यावयाचे असेल तर ते कामगाराचे काम मानून त्याचे वेतन द्यावे लागेल.

आपल्या कार्यकर्त्यांनी विधिमंडळाची वाट न पाहता आपापल्या तालुक्यात एवढी चौकशी करावी. ग्रामीण रुग्णालयातील यंत्र चालू आहे काय, तपासणारा डॉक्टर कोणत्या वारी येतो, एका दिवसात किती स्त्रिया तपासतो. मागील वर्षी अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान किती स्त्रियांची तपासणी झाली, आणि किती जणींची पहिली सोनोग्राफी त्यानंतर झाली. वैद्यकीय मंडळ कोणत्या शहरात बसते, तेथवर जाण्याचे भाडे किती, तीन दिवसांचा नियम पाळला जातो काय. फोलिक ॲसिडच्या गोळ्या नवविवाहितांपर्यंत पोचतात, की गरोदर म्हणून नाव नोंदल्यावरच. ही माहिती माहिती अधिकाराच्या अर्जाने मिळू शकते. बरीचशी तर रुग्णालयाच्या ओट्यावर सोमवारी सकाळी तासभर बसले तरी मिळेल. जी मिळेल ती आमच्याकडे पाठवावी. तालुक्यांच्या नावांसह ती या पानांवर छापू.